जिन्यातला दिवा आणि जॉर्ज बूल

चि. स अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये 'अँड' (आणि), 'ऑर' (किंवा), 'नॉट' (नाही) रोज वापरता येतात, मग त्यामागचं बूलचं बीजगणित वेगळं कशाला शिकायचं, असं तू विचारलंस. शिवाय गावात शंका विचारायला कुणी नाही, हेही लिहिलंस. आधी त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

जॉर्ज बूल 1815 साली इंग्लंडमधल्या लिंकनला जन्मला. वडील जोडे शिवायचे, पण त्यांचा जीव भिंगांत आणि दुर्बिणींत. धंदा बसला आणि सोळाव्या वर्षी शाळेत शिकवून घर चालवायची वेळ जॉर्जवर आली. विद्यार्थी म्हणून तो विद्यापीठाची पायरी चढलाच नाही. फ्रेंच गणितज्ञांची अवघड पुस्तकं त्यानं एकट्यानं वाचली. 1849 मध्ये, हाताशी पदवी नसताना, आयर्लंडमधल्या कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात तो गणिताचा पहिला प्राध्यापक झाला.

आता मूळ प्रश्न. बूलच्या 1854 सालच्या ग्रंथात मेंढरांचं साधं उदाहरण आहे. क्ष म्हणजे जगातल्या सगळ्या पांढऱ्या वस्तू, य म्हणजे मेंढरं. मग क्ष गुणिले य म्हणजे पांढरी मेंढरं. आता पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवड. हाती तेच उरतं. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. (आपल्या मराठीत 'पांढरी पांढरी मेंढरं' म्हटलं की पांढरेपणा ठसतो, पण कळपातलं एकही मेंढरू वाढत नाही किंवा घटत नाही.) नेहमीच्या अंकांपैकी हे समीकरण पाळणारे दोनच: 0 आणि 1. माझ्या मते बूलच्या कामाचा गाभा इथे आहे. हे दोन अंक यंत्राच्या सोयीसाठी कुणी निवडलेले नव्हते. विचार करण्याच्या रीतीतून ते आपसूक बाहेर आले. 1 म्हणजे सगळ्या वस्तू आणि 0 म्हणजे काहीच नाही, असं धर; मग 1 − क्ष म्हणजे पांढऱ्या नसलेल्या वस्तू. डावीकडचं 'क्ष गुणिले क्ष' उजवीकडे नेलंस की क्ष(1 − क्ष) = 0 मिळतं: एखादी वस्तू पांढरी आहे आणि नाहीही, असं होऊ शकत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा हा नियम शाळेतल्या बीजगणितातून निघाला! मला तो पहिल्यांदा समजला त्या दिवशी मी वही मिटूच शकलो नाही.

एक मात्र ध्यानात ठेव. तू लिहितोस तो 'ऑर' जसाच्या तसा बूलचा नाही. 'किंवा'साठी तो बेरीज वापरायचा, पण एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांचीच. जेव्हन्स नावाच्या तरुणानं त्याला पत्रातून सुचवलं की क्ष अधिक क्ष बरोबर क्ष मानावं. बूलनं ते मानलं नाही. 1864 च्या डिसेंबरात, पावसात भिजून वर्गावर गेल्यानंतर आजारी पडून तो वारला. पुढे जेव्हन्सचाच नियम रूढ झाला. म्हणून कुठलंही पुस्तक, कितीही मोठ्या माणसाचं असो, हातात पेन्सिल घेऊन वाच.

मग कितीतरी वर्षं हे सारं तर्कशास्त्राच्या पुस्तकांत राहिलं. 1937 मध्ये अमेरिकेत एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या क्लॉड शॅनननं, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या प्रबंधात दाखवलं की रिले (विजेनं चालणारे स्विच) आणि साध्या स्विचची विजेची मंडलं बूलच्या बीजगणितानं मांडता येतात, इतकंच नव्हे तर कमी भागांत बसवता येतात. बूलचं तर्कशास्त्र त्याला कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटलं होतं. तो तास 'आपल्या उपयोगाचा नाही' म्हणून त्यानं सोडला असता तर?

उपयोग आधी कळायला हवा, हा हट्ट तू सध्या बाजूला ठेवावास असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या जिन्यात एक दिवा आणि खाली-वर दोन बटणं असतील. कुठलंही दाबलं की दिव्याची स्थिती पालटते. बूलनं 'हे किंवा ते, पण दोन्ही नाही' यासाठी लिहिलं होतं: क्ष(1 − य) + य(1 − क्ष). खालचं बटण क्ष, वरचं य; 0 म्हणजे बंद, 1 म्हणजे चालू. 0 आणि 1 च्या चारही जोड्या यात घालून बघ, मग जिन्यात जाऊन तपास. वहीचं पान पाठव, चुकलं असेल तरी खाडाखोड न पुसता.