‘तथ्य आढळून आले नाही’ असं उत्तर आलंय, आता पुढे काय?

प्रश्न : शेजाऱ्यांच्या भांडणात पोलिसांनी माझ्या २३ वर्षांच्या मुलाला ‘चौकशीला’ म्हणून नेलं. रात्रभर ठाण्यात बसवून पट्ट्याने मारलं, सकाळी सोडलं. अटकेची नोंद नाही. मी अधीक्षकांकडे अर्ज केला. दोन महिन्यांनी पत्र आलं : ‘चौकशीअंती तथ्य आढळून आले नाही, अर्ज दप्तरी दाखल.’ चौकशी त्याच ठाण्याच्या निरीक्षकांनी केली होती. विषय संपला का?

उत्तर : नाही ताई. ते पत्र म्हणजे खात्याने स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र. त्याला कोर्टाच्या निकालाची किंमत नाही. पण फेकू नका. दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याआधी अधीक्षकांकडे दाद मागावी लागते, आणि ती पायरी तुम्ही चढला आहात याचा तोच पुरावा आहे.

घाई करायची ती सीसीटीव्हीची. ठाण्यातलं चित्रीकरण १८ महिने टिकेल अशी यंत्रणा बसवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलं. त्या रात्रीची तारीख आणि वेळ लिहून ‘चित्रीकरण जतन करा’ असा अर्ज आजच अधीक्षकांना द्या, पोच घ्या. ‘कॅमेरा नेमका तेव्हा बंद होता’ हे उत्तर आलं तर तेही लेखीच मागा. कोर्टात असं उत्तर पोलिसांच्याच अंगाशी येऊ शकतं.

सोबत माहितीच्या अधिकारात चौकशी अहवाल, घेतलेले जबाब आणि त्या रात्रीची ठाणे दैनंदिनी (स्टेशन डायरी) मागा. मुलाचा जबाबच घेतलेला नसेल (आणि मला तीच शंका आहे), तर त्या चौकशीत काही राहिलं नाही.

मग पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्राच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जा. पोलीस सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर, २०१४ च्या दुरुस्तीने ते महाराष्ट्र पोलीस कायद्यात आलं. राज्य पातळीवर अध्यक्ष निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीश असतात. कार्यपद्धती न पाळता डांबून ठेवणं त्यांच्या कक्षेत येतं, म्हणून तक्रारीत मारहाणीइतकाच जोर ‘नोंद न करता रात्रभर ठेवलं’ यावर द्या. एक मात्र समजून घ्या, प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल सरकारकडे जातो, तिथून खातेनिहाय कारवाई किंवा गुन्हा. वेळ लागतो.

म्हणून त्याच्यावर विसंबून बसू नका. कर्तव्याच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरायला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये सहा महिन्यांची मुदत आहे. मारहाण ‘कर्तव्याच्या ओघात’ येते का, यावर वाद घालता येतो. पण मुदत टळल्यावर तो वाद घालत बसण्यापेक्षा आधीच दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज केलेला बरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७५ नुसार ते वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि संबंधित पोलिसांचं म्हणणं मागवतील. त्याने घाबरू नका.

मुलाला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नेलं असेल तर तो कागद सगळ्यात मोलाचा. मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या.