चर्चसाठी मिक्सर: अ‍ॅनालॉगच ठेवू की डिजिटल घेऊ?

प्रश्न: आमचं चर्च वसईतलं, जुनं, दगडी भिंती आणि उंच छप्पर. १६ चॅनलचा अ‍ॅनालॉग मिक्सर आहे, त्याची बटणं आता खरखरतात. वेदीवर २ माइक, वाचनाला १, कॉयरला ४, शिवाय पेटी, तबला, कीबोर्ड. परदेशातल्या आमच्या लोकांसाठी रविवारची मिस्सा यूट्यूबवर लाइव्ह असते. पोरं म्हणतात डिजिटल घ्या, पण मिक्सर सांभाळणारे अंकल साठीच्या पुढचे, त्यांना स्क्रीन नको वाटते. काय करू? – एक वाचक, वसई

उत्तर: आधी हे बघा, लाइव्हवर पेटी ऐकू येते का? बहुतेक नसेलच येत. चर्चमध्ये पेटी-तबला तसाच कानावर येतो म्हणून अंकल त्यांचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) खाली ठेवतात, बरोबरच करतात, पण तोच मेन आउट (चर्चच्या स्पीकरला जाणारा एकत्र आवाज) यूट्यूबला गेला की दुबईत बसलेल्याला नुसते गळे ऐकू येतात आणि साथ गायब. लाइव्हचं मिक्स वेगळंच लागतं. अ‍ॅनालॉगवर ते ऑक्समधून (मेनपेक्षा वेगळं मिक्स बाहेर काढायची वाट) काढता येतं, पण १६ चॅनलच्या बोर्डला ऑक्स साधारण ४, त्यातले दोन मॉनिटरला (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), एक रिव्हर्बला (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट), उरला एक. २०१२ ला आलेल्या बेरिंजर एक्स३२ या डिजिटल मिक्सरवर १६ मिक्स बस (ऑक्ससारख्याच वेगळ्या वाटा) आहेत, म्हणजे ही ओढाताणच नाही. म्हणून तुम्हाला मी डिजिटलच सांगेन.

पण फेडरवालाच घ्या! नुसत्या टॅबलेटवर चालणारे मिक्सर स्वस्त पडतात हे खरं, पण नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला एका चर्चमध्ये मी टॅबलेट घेऊन उभा होतो, समोर शेकडो मोबाइल, वायफाय तुटलं, वेदीवरच्या माइकने शिट्टी मारायला सुरुवात केली आणि खाली ओढायला हाताशी काहीच नाही. शेवटी स्टेजबॉक्सकडे (माइकच्या केबल जोडायचा डबा) धावत जाऊन केबलच उपटली.

अंकलना अडचण येईल ती लेयरची, म्हणजे एक बटण दाबलं की तेच फेडर दुसऱ्या चॅनलचे होतात. वरच्या लेयरला ज्या फेडरवर वेदी, खालच्या लेयरला त्याच फेडरवर गिटार, एक बटण चुकलं की फादरांचा आवाज जातो. म्हणून वेदी, वाचन आणि कॉयर पहिल्याच लेयरवर घ्या, रविवार, लग्न, अंत्यविधी असे सीन (सगळ्या सेटिंग एकत्र साठवलेल्या) सेव्ह करून ठेवा, मग अंकलनी सीन लावायचा आणि फेडर हलवायचे, बस्स. त्यांचा कान पोरांकडे नाही हो, तो चर्चला हवाच आहे.

यूपीएस मात्र लागेलच, कारण लाइट जाऊन आली की अ‍ॅनालॉग लगेच बोलतो, डिजिटल बूट होत बसतो. आणि दगडी भिंतींचा घुमारा कुठलाच मिक्सर घालवत नाही, त्यासाठी स्पीकर लोकांच्या जवळ आणि खाली झुकवून लावा.

जुना मिक्सर विकू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर (खरखर घालवणारा स्प्रे) मारून वेदी आणि वाचनाच्या माइकपुरता तयार ठेवा. आणि पैसे देण्याआधी नवा मिक्सर एकदा कॉयरच्या प्रॅक्टिसला मागवून घ्या, त्यावर पहिला हात अंकलचा पडू दे.