भांडी मोडीत घालण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही नुकतेच पेठेतल्या वाड्यातून दोन खोल्यांच्या सदनिकेत राहायला आलो. सासूबाईंच्या संसारातला बंब, दोन घंगाळी, तांब्या-पितळेचे हंडे व पातेली, त्यांच्या तीन जरीच्या साड्या, पायाने चालवायचे शिलाई मशीन, चालू स्थितीतला जुना फ्रिज, एक सायकल आणि थोडी जुनी नाणी-नोटा ठेवायला आता जागा नाही. मुलाच्या वसतिगृहाचे ४०,००० रुपये तीन आठवड्यांत भरायचे आहेत. शेजारी म्हणतात, भंगारवाल्याला बोलावून सगळे एकदम देऊन टाका. तसे करावे का? शिवाय सासूबाईंची भांडी विकताना मन खाते, ते वेगळेच.
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : सगळे एकदम देऊ नका, एवढे आधी सांगतो. भंगारवाला प्रत्येक वस्तूकडे केवळ धातू किंवा लाकूड म्हणून पाहतो, आणि आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक वस्तू अजून वापरण्याजोग्या आहेत. त्या वापरणाऱ्या माणसाच्या हाती गेल्या तरच त्यांचे खरे मोल मिळेल. तीन आठवडे हा काळ त्यासाठी पुरेसा आहे.

भांड्यांपासून सुरुवात करू, कारण रोख रक्कम सर्वांत लवकर त्यांतूनच उभी राहते. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव मिळतो आणि स्टीलला दोन्हींपेक्षा पुष्कळच कमी, म्हणून तिन्ही धातूंचे ढीग घरीच वेगळे करा. एकत्र तोलले की व्यापारी स्वस्त धातूचा दर सगळ्यांना लावू पाहतो. लोहचुंबक फिरवून पाहा, जिथे तो चिकटेल तिथे लोखंड आहे. एखाद्या भांड्याला लोखंडी भाग असतील, तर त्यांची वजावट किती, हे तोलण्यापूर्वीच ठरवून घ्या. घरी प्रत्येक ढिगाचे वजन करून कागदावर लिहून ठेवा आणि त्या दिवशीचा मोडीचा भाव किमान तीन दुकानांत विचारा.

मात्र बंब आणि घंगाळी या ढिगात टाकू नका. नवे भांडे घेताना आपण धातूबरोबर घडणावळही मोजतो, आणि मोडीत घातले की ती घडणावळ पूर्ण बुडते. न पोचलेले, मूळ घाटाचे घंगाळे आज दिवाणखान्यात किंवा उपाहारगृहात शोभेसाठी ठेवणारे लोक आहेत व ते वजनावर नव्हे, तर नगावर किंमत देतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन आधी एखाद्या जाणत्या कारागिराला भांडे दाखवा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही एक फेरी मारा, पण पहिल्या खेपेला वस्तू न नेता केवळ छायाचित्रे घेऊन जा, म्हणजे ओझे परत आणायचे नाही या विचाराने मिळेल त्या भावाला होकार दिला जाणार नाही.

साड्यांबाबत माझा आग्रह आहे की त्या बोहारणीला देऊ नयेत. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. अशा काठापदराची साडी स्टीलच्या डब्यावर गेल्याच्या हळहळी मी अनेक घरांत ऐकल्या आहेत. काठाच्या आतल्या बाजूचा एक धागा काढून हलकेच खरवडून पाहा. खाली पांढरी झाक दिसली तर चांदी असण्याचा संभव आहे, तांबूस दिसली तर तार तांब्याची असू शकते. जुनी जरतार विकत घेणारे व्यापारी तपासून वजनावर पैसे देतात, पण साडी नेसण्याजोगी असेल तर ती नात्यात किंवा ओळखीत विकणे अधिक चांगले.

शिलाई मशीनला तेल घाला, पट्टा नवा बसवा आणि गिऱ्हाइकासमोर चिंधीवर टीप मारून दाखवा. शिवणवर्ग आणि महिला बचत गट यांच्याकडे त्याची चौकशी करा. फ्रिज व सायकल यांना बाहेरगावहून शिकायला येऊन खोली घेणारी मुले गिऱ्हाईक असतात, तेव्हा आसपासच्या खोलीमालकांना आणि खाणावळीत सांगून ठेवा.

मोबाइलवर जाहिरात देणार असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. वस्तू न पाहताच सांगितलेली किंमत मान्य करून कोड पाठवणारा माणूस ठकवण्यासाठीच आलेला असतो. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जुन्या नोटा-नाण्यांना लाखो रुपये देतो असे सांगून आधी शुल्क मागणाऱ्यांपासूनही दूर राहा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये आपले नाव वापरणाऱ्या अशा लोकांविषयी जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. या तीन आठवड्यांच्या हिशेबात नाणी धरूच नका.

आपण मन खाते असे लिहिले आहे. घरातले भांडे विकणे म्हणजे घराला उतरती कळा, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या बंबाने ज्या घराला वर्षानुवर्षे ऊन पाणी दिले, त्याच घरातल्या नातवाच्या शिक्षणाला तो उपयोगी पडत असेल, तर त्यात सासूबाईंचा अवमान आहे असे मला मुळीच वाटत नाही. एक लहान पातेले मात्र राहू द्या. कल्हई करून घेतली की ते रोजच्या आमटीला वापरता येईल.