नोकरी सोडून नाशिककडे द्राक्षबाग घ्यावी का? एक्सपोर्टला किलोला 100 रुपये मिळतात म्हणे, खरं आहे का?

मिळतात, खोटं नाही. पण कोणत्या किलोला ते आधी ऐका.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर बाग आहे, वडिलांनी लावलेली, थॉमसन जातीची. तुम्ही बहुतेक एकरी 10 टन गुणिले 100 केलं असणार, दहा लाख, त्यातून साडेतीन लाख खर्च वजा, बाकी नफा. कॉलेज संपवून घरी आलो तेव्हा मीपण असाच कॅल्क्युलेटर बडवला होता, वडील काही बोलले नाहीत, नुसते हसले.

देशात पिकणाऱ्या द्राक्षातला साधारण दहावा हिस्सा बाहेर जातो, बाकी सगळं लोकल. एक्सपोर्टला मणी 16-18 एमएमच्या वर लागतो, गोडी लागते, घडावर डाग चालत नाही, आणि औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेत पाहिजे. 2010 ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या (आम्ही सगळे लिहोसिनच म्हणायचो) अंशावरून युरोपनं माल नाकारला होता, ते वर्ष अजून लोकांच्या तोंडात आहे. आता प्लॉट ग्रेपनेटला, म्हणजे एक्सपोर्टच्या सरकारी ऑनलाइन यादीत, नोंदवायचा, लॅबवाले बागेतून सॅम्पल नेणार, रिपोर्ट क्लीन आला तरच पॅकिंग.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. खर्च सगळा आधी होतो आणि भाव सगळ्यात शेवटी ठरतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिथून सहा महिने फळाचं नाव नाही, नुसती काडी तयार करायची. ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मण्यांची विरळणी), त्यासाठी पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्यांना एकरी उक्तं काम, मधेच पाऊस आला की डाऊनी या बुरशी रोगाच्या भीतीनं दिवसातून दोनदा फवारणीचा ब्लोअर फिरवायचा, थंडी वाढली की मणी गुलाबी पडायला (पिंक बेरी) नको म्हणून घडाघडाला पेपर लावायचा. हे सगळं झाल्यावर व्यापारी बांधावर येतो, तोवर औषध दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज दोन्ही डोक्यावर असतं. आणि बाजरी परवडली नाही तर पुढच्या साली पेरायची नाही, विषय संपला, पण मांडवाचे अँगल, तारा, वेल उभेच राहतात ना, त्यांना एक वर्ष सुट्टी देता येत नाही.

2024 च्या फेब्रुवारीतलं सांगतो. व्यापारी आला, रिंग लावून मणी मोजले, रिफ्रॅक्टोमीटरवर रस पिळला, गोडी 18 लागली, किलोला 82 ला सौदा. दोन दिवस खुडा झाला, तिसऱ्या दिवशी टोळी सकाळी सातला बागेत हजर, कॅरेट मांडलेले, आणि गाडीच नाही. फोन केला तर म्हणे लाल समुद्रात जहाजांवर हल्ले चाललेत, सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून चाललीत, भाडं वाढलंय, थोडं थांबा. कारण खोटं नव्हतं, पेपरात रोज येत होतं. पण तो थांबू शकतो, द्राक्ष थांबत नाही. आठवड्यात मणी मऊ पडायला लागले आणि राहिलेला माल मी 34 ला लोकलला दिला. खर्चच किलोला 35 पडला होता. आणि 82 वाल्या दोन दिवसांचे पैसे मे महिन्यात आले, तेही दोन हप्त्यांत. मी तरी नशीबवान, आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी व्यापारी पैसे बुडवून पसार होतोच.

मधल्या सगळ्यांना चोर म्हणायची फॅशन आहे, मी म्हणत नाही. प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज, अर्ध्या किलोचे पनेट (प्लॅस्टिकचे डबे), माल टिकवायला सल्फरचे पॅड, रीफर म्हणजे थंड कंटेनर, हे फुकट होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या एका अभ्यासात देशातल्या ग्राहकाच्या रुपयातले द्राक्षवाल्याला 35 पैसे मिळतात असं आलं होतं, केळीवाल्याला 31, आंबेवाल्याला 43. मला हा आकडा कमी-जास्त वाटत नाही, फक्त उरलेल्या 65 पैशांत वाटेकरी खूप आहेत आणि एकाची गाडी हुकली तर तो दुसरा माल बघतो, माझ्याकडे दुसरी बाग नसते.

या बाबतीत तासगाव-सांगलीकडचे जरा बरे. भाव पडला की ते बेदाणा टाकतात, साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो होतो, कोल्ड स्टोरेजला ठेवला की दिवाळीच्या भावाला सुद्धा विकता येतो. शेडचा खर्च आहेच, पण थांबायची सोय आहे. गेल्या साली मीपण अर्ध्या एकराचा करून बघितला, रंग काळपट आला, शिकतोय अजून.

म्हणून नोकरी लगेच सोडू नका. फारच हौस असेल तर चालू बाग एखादं साल वाट्यानं करून बघा. विकत घ्यायचीच असेल तर मालकाला गेल्या साली भाव काय मिळाला ते विचारू नका, तो चांगल्याच सालाचा सांगणार. औषध दुकानातला त्याच्या खात्याचा मागच्या तीन वर्षांचा उतारा मागा. आणि विकणारा तुम्हाला बाग फेब्रुवारीत दाखवेल, घड लोंबताना, तेव्हा हो म्हणू नका. ऑक्टोबरच्या पावसात जाऊन बघा, पाणी कुठं साचतं आणि ट्रॅक्टर कुठं रुततो ते तेव्हाच दिसतं.