सगळं प्लास्टिक एकदम फेकू नका

प्लास्टिकचे सूक्ष्म कण अन्नपाण्यात उतरतात हे ऐकून नव्या उत्साहात घरातले सगळे प्लास्टिकचे डबे भंगारात काढू नका. आधी दोनच गोष्टी सांभाळा: उष्णता आणि घासणं. या दोन्हींनी कण जास्त सुटतात. नागपूरच्या मे महिन्यात डिक्कीत तापलेल्या बाटलीतलं पाणी पिऊ नका. स्टीलची बाटली घ्या, घरी माठ आहेच. तर्री पार्सल आणायला डबा न्या, उकळता रस्सा पन्नीत ओतलेला मला तर बघवत नाही. टपरीवरच्या कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात अशा कपातल्या १०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटांत प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले. म्हणून काचेचा ग्लास मागा. आणि तारेची घासणी प्लास्टिकला लावू नका. माझ्या लोणच्याच्या डब्याचा तळ असाच पांढुरका, खरखरीत झाला. आता त्यात खिळे ठेवतो.