ड्रायरचं व्हेंट किती वेळा साफ करावं? चिमण्या शिरू नयेत म्हणून बाहेरून जाळी लावली तर चालेल का?

जाळी लावू नका. लावली असेल तर आज उतरवा, बाकीचं उत्तर मागाहून वाचलं तरी चालेल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. कपडे वाळवायचा ड्रायर बेसमेंटमध्ये आहे, विजेवर चालणारा. त्याचं व्हेंट, म्हणजे गरम हवा बाहेर नेणारा चार इंची पाईप, छताच्या कडेने बावीस फूट जाऊन बाजूच्या भिंतीतून झुडपामागे बाहेर निघतो. एका मार्चमध्ये चिमण्यांनी त्या तोंडात काड्या भरायला सुरुवात केली. धाकटे दीर तेव्हा आमच्याकडेच राहत होते. त्यांनी एका शनिवारी तिथली झडप काढली आणि बारीक तारेची जाळी स्क्रूने घट्ट बसवून टाकली. कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंना लिंट म्हणतात. मी तेव्हाच विचारलं होतं, "भाऊजी, यातून लिंट कसं बाहेर पडणार?" तर म्हणाले, "वहिनी, लिंट फिल्टरमध्येच अडकतं. बाहेर येते ती नुसती हवा." विषय तिथेच मिटला. मशीनच्या बाबतीत माझं म्हणणं आमच्या घरात तेव्हा कुणी फारसं मनावर घेत नसे.

फिल्टर मी प्रत्येक लोडनंतर साफ करते, एकदाही चुकवलेलं नाही. पण फिल्टर सगळं लिंट अडवत नाही. बारीक तंतू निसटून पुढे जातातच, आणि सुती कपड्यांचे तर जास्तच.

तीन वर्षांनी टॉवेल एका फेरीत वाळेनासे झाले. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्या रोज पंचा गालाला लावून बघायच्या आणि "अजून दमट आहे गं" म्हणून परत माझ्या हातात द्यायच्या. जानेवारीत ड्रम फिरायचा, पण गरमच होईना. मेकॅनिक आला, थर्मल फ्यूज उडालाय म्हणाला, बदलला, पैसे घेऊन गेला. मागच्या पाईपकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तीन आठवड्यांत नवा फ्यूजही गेला. भाऊजींनी फोनवर सल्ला दिला, "मशीन जुनी झाली वहिनी, नवीन घेऊन टाका."

थर्मल फ्यूज उगाच उडत नाही. गरम हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आतच कोंडते, तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की फ्यूज वितळतो आणि हीटर बंद पडतो. म्हणजे आमचं घर त्याने दोनदा वाचवलं होतं. हे मला कळलं ते रात्री अकरा वाजता बेसमेंटच्या पायरीवर बसून मॅन्युअल वाचताना.

दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन झुडपामागे गेले. जाळी दिसतच नव्हती, तिच्या जागी घोंगडीसारखा राखाडी थर. बोटाने टोचलं तर ओला. स्क्रू काढून जाळी ओढली तर तिच्यामागून हातभर लांबीचा बोळा निघाला. जाळीला चिकटलेल्या भागात पिवळे तंतू होते, लेकीच्या लहानपणच्या ब्लँकेटचे. ते ब्लँकेट देऊन टाकून दोन वर्षं झाली होती. अगदी आतल्या टोकाला सासूबाईंच्या मरून गाऊनची लव. इतका काळ आम्ही त्यातून तापलेली हवा ढकलत होतो, वरच्या मजल्यावर लेक झोपलेली असताना.

त्याच दिवशी प्लग काढून मशीन पुढे ओढली. मागे फॉइलची भात्यासारखी नळी होती, घडीघडीत लिंट. ती कचऱ्यात टाकली आणि गुळगुळीत धातूचा पाईप बसवला. ड्रिलला लावायचा लांब ब्रश मिळतो, तो कांडी कांडी जोडत आत सारला. ड्रिल उलटं फिरवू नका, कांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश आतच राहतो. सांध्यांना अॅल्युमिनियमची टेप लावा. आत टोक निघेल असा स्क्रू नको, त्याला लिंट अडकतं. अर्धी कचऱ्याची पिशवी भरली. नवा फ्यूज बसवल्यावर टॉवेल पन्नास मिनिटांत कोरडे. मशीन अजून तीच आहे.

भाऊजी आजही म्हणतात की जाळी नसती तर घरटं झालं असतं. घरटं नको म्हणूनच झडपेचं हूड असतं, मशीन बंद झाली की आपोआप मिटणारं. अमेरिकेत बहुतेक राज्यं घरबांधणीची जी आदर्श नियमावली पायाभूत धरतात, तिच्यात ड्रायरच्या तोंडाला जाळी लावायला स्पष्ट मनाई आहे. पाईपची लांबी पस्तीस फुटांपर्यंत, आणि काटकोनातल्या साध्या वळणामागे पाच फूट कमी. आमच्याकडे अशी दोन वळणं, म्हणजे मुभा पंचवीस फुटांची आणि पाईप बावीस फूट. मुळात काठावरचं गणित, त्यात जाळी. भाऊजी, हे वाचत असाल तर आकडे तुम्हीच ताडून बघा. यू. एस. फायर अॅडमिनिस्ट्रेशनच्या २००८ ते २०१० च्या अंदाजानुसार घरातल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० होत्या आणि त्यांचं सगळ्यांत मोठं कारण सफाई न करणं हे होतं.

किती वेळा, तर वर्षातून एकदा. पाईप लांब असेल, घरात पंचे, चादरी, गोधड्या खूप धुतल्या जात असतील तर दोनदा. मी दसऱ्याला मशीनला फूल वाहायच्या आदल्या दिवशी करते आणि दुसऱ्यांदा गुढीपाडव्याच्या सुमारास, म्हणजे चिमण्यांच्या हंगामात झडपही तपासून होते. मधल्या काळात ड्रायर चालू ठेवून बाहेर जा. झडप नीट उघडलेली दिसली पाहिजे आणि हाताला हवेचा जोर लागला पाहिजे. ड्रायर शीट, म्हणजे कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचा कागद, वापरत असाल तर फिल्टरवर पाणी ओतून बघा. पाणी साचलं तर त्या शीटचा थर बसलाय असं समजा आणि साबण आणि जुन्या टूथब्रशने घासा.

तुमचा ड्रायर गॅसवरचा असेल तर मात्र मी केलं तसं मशीन ओढायला जाऊ नका. गॅसची जोडणी ढिली होऊ शकते, आणि व्हेंट तुंबलं तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. तिथे जाणकार माणूसच बोलवा. तोंड छपरावर असेल तरीही तेच. आणि घरट्यात पिल्लं दिसली तर ती उडेपर्यंत ड्रायर बंद ठेवून कपडे दोरीवर टाका.