"तिथे कोणी ओळखीचं भेटलं तर?"

दारू सोडायला एए ग्रुपला (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, पिणाऱ्यांनीच एकमेकांना सोडायला मदत करायची मंडळी) जा म्हटलं की दहातले आठ जण मला हाच प्रश्न विचारतात, आधी बायको विचारते मग नवरा. म्हणून कळव्याच्या एका जोडप्याचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई एकट्याच आल्या होत्या पहिल्यांदा. नवरा, त्यांना दादा म्हणू, महापेला एका कंपनीत सुपरवायझर, संध्याकाळी सुरू झालेली दारू आता सकाळवर आलेली, हात थरथरतात म्हणून कामावर जायच्या आधी एक क्वार्टर. ताई म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना कुठेही पाठवा पण जवळ नको, चाळीत कळलं तर मुलीचं लग्न जमायचं नाही." मी त्यांना एकच विचारलं, चाळीत आत्ता माहीत नाहीये का? त्या काहीच बोलल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

ग्रुपच्या आधी डॉक्टर, हे मी दरवेळी सांगते आणि इथेही सांगते. सकाळी उठल्यावर प्यावी लागते अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद करू नये, पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. देवाची शपथ घालून खोलीत कोंडून ठेवणारी घरं मी बघितलीत, कृपा करून असं करू नका. दादा आठवडाभर ॲडमिट होते, गोळ्या देऊन दारू उतरवली, मग ग्रुपचा विषय निघाला.

ते म्हणाले मी डिप्लोमावाला माणूस, दारुड्यांच्यात बसून काय करू. मी सांगितलं, 1935 साली अमेरिकेत ॲक्रनला हे सुरू झालं ते दोन माणसांनी, एक शेअर बाजारातला आणि दुसरा सर्जन, दोघंही दारूने पोळलेले, पहिल्याने काही महिन्यांपूर्वीच सोडलेली, आणि एकमेकांशी बोलून त्याची सुटलेली टिकली, सर्जनचीही सुटली. सर्जनला लाज नसेल का वाटली? ते म्हणाले बरं, जातो, पण नेरूळला जातो. मी हो म्हटलं आणि ती माझी चूक होती, आज मी ते करत नाही.

कारण कळव्याहून ठाण्याला, तिथून ट्रान्स हार्बर लोकलने नेरूळ, तेही शिफ्ट संपवून घरी आल्यावर. पहिले दोन आठवडे गेले, तिसऱ्या आठवड्यात गाडी लेट, मीटिंग निम्मी संपलेली असणार म्हणून ते माघारी फिरले, आणि स्टेशनबाहेरच वाइन शॉप. रात्री ताईंचा फोन, रडत होत्या. लांबचा ग्रुप म्हणजे न जायला रोज एक कारण, आणि सुरुवातीच्या दिवसांत तर आठवड्यातून तीन-चार मीटिंग झालेल्या बऱ्या. मीटिंगचं ठिकाण चालत किंवा शेअर रिक्षाने गाठता आलं पाहिजे, बस.

मग दादांनी आणि मी बसून एएच्या हेल्पलाइनला फोन लावला, फोन उचलणारा माणूस स्वतः बरीच वर्षं न पिता राहिलेला. घराजवळच्या ग्रुपचे वार, वेळ आणि भाषा विचारून घेतली, मराठीतला मिळाला. तुम्हीही फोनवर एवढं विचारा, आणि ओपन मीटिंग आहे का तेही विचारा, ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. नंबर सापडत नसेल तर सरकारी 14446 आहे, व्यसनमुक्तीसाठीच, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस 14416.

मीटिंग एका शाळेच्या बालवाडीच्या वर्गात. दादांनी नंतर मला सांगितलं ते मी विसरणार नाही, बाक इतके बुटके की गुडघे छातीला लागत होते आणि तासभर ते समोरच्या तक्त्यावरचं "क कमळाचा" बघत बसले. कोणी आडनाव विचारलं नाही, हजेरी नाही, फी नाही, शेवटी पिशवी फिरते त्यात ज्याला जमेल तो टाकतो, नव्या माणसाने टाकायची गरज नाही. बोलायची सक्ती नाही. एक म्हातारे काका बोलले की मी मुलीच्या फीचे पैसे प्यायलो, आणि दादांनी मान खाली घातली, कारण तेच त्यांनीही केलं होतं आणि आजवर कोणाला, ताईंनाही, सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मीटिंगला ओळखीचं भेटलंच. त्यांच्याच चाळीतल्या लाइनीतला एक जण. दोघं क्षणभर थबकले, मग त्या माणसाने चहाचा कागदी कप पुढे केला. अहो, तो तिथे बसलाय म्हणजे तोही त्याच दुखण्याने आलाय ना, तो कोणाला काय सांगणार!

मधे एकदा स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले, गणपतीत. दुसऱ्या दिवशी परत गेले, कोणी ओरडलं नाही. ताईंना मी अल-अनॉनला जायला सांगितलं, ते घरच्यांसाठी असतं, त्या अजून अनियमित जातात, पण बाटल्या शोधत कपाटं उपसणं थांबलंय.

मागच्या महिन्यात दोघं भाजी घ्यायला गेले होते. समोरून ते काका आले, दादांकडे बघून मान हलवली, "बरं चाललंय ना?" आणि पुढे गेले. ताईंनी विचारलं, कोण हो?

दादा म्हणाले, "ओळखीचे आहेत."